थांबायचा धडा राहिला

आण्णा, तुमच्याशी सलग पाच मिनिटं बोललं की त्याचं भांडण व्हायचं. सहाव्या मिनिटाला एकतर तुमचा हात उठायचा नाहीतर माझी जीभ. आता मध्येच तोडायला तुम्ही नाही, तर मला जे बोलायचंय ते शेवटपर्यंत बोलून घेते. तेरावं होऊन आठवडा झाला. पाहुणे गेले. तुमच्या फोटोचा हार वाळलाय, पण आई तो काढू देत नाही. गाडी अंगणात हौदापाशी उभी आहे, बंपर फुटलेला. गेटचं एक दार बिजागरीतून उखडलं होतं, ते भिंतीला टेकवून ठेवलंय. त्याच्या गजांवर तुमचं रक्त होतं. ते मी धुतलं, आईला हात लावू दिला नाही.

सगळे म्हणतात ब्रेक फेल झाले. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं विचारलं, "ब्रेक फेल का, मॅडम?" तेव्हा मीही मान हलवली. ब्रेक फेल झाले नव्हते, आण्णा. गाडी पुढं का आली हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नसणार. मला ते शाळेतून येताना, निरोप ऐकला त्याच क्षणी कळलं होतं.

मी चौदा वर्षांची असताना तुम्ही मला जीपच्या स्टेअरिंगवर बसवलंत. बेंबळी ते उस्मानाबाद काळी-पिवळी चालवायचात तुम्ही. सकाळची पहिली फेरी भरायच्या आधी गावाबाहेरच्या माळावर माझी शिकवणी. गावात पोरगी सायकलवर दिसली तरी लोक वळून बघायचे, आणि तुम्ही मला जीप दिलीत. हे मी कुणालाही अभिमानानं सांगते. पाना मात्र सांगत नाही. तुम्ही शेजारी बसायचात ते हातात लोखंडी पाना घेऊन. क्लच लवकर सुटला की पाना डाव्या मांडीवर, गेअर करकरला की डाव्या हाताच्या बोटांवर. आठ दिवसांत मांडी काळीनिळी झाली आणि पंधराव्या दिवशी मी गाडी फाट्यापर्यंत नेली. तुम्ही म्हणालात, "लागलं तरच डोक्यात शिरतंय." मी ते इतकं खरं मानलं की मास्तरीण झाल्यावर वर्गातही तसंच वागले. मग एकदा एका पोरीच्या कानातून रक्त आलं आणि त्या दिवसापासून मी वर्गात छडी नेली नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तुम्ही हसला असतात.

हँडब्रेक नावाची गोष्ट आपल्या जीपला कधी होतीच असं मला आठवत नाही. दांडी होती, तिला तुम्ही डबा अडकवायचात. गाडी उभी करायची म्हणजे पहिल्या गेअरमध्ये टाकायची, इंजिन बंद करायचं, आणि सीटखालचा काळा दगड काढून चाकाला लावायचा. "गेअरमदी टाकली की जागची हालत न्हाय," हे तुमचं वाक्य. चाळीस वर्षं ते खरं होतं. चढावर असो, उतारावर असो, गेअरनं धरलेली जीप हलायची नाही, आणि हललीच तर एक आचका देऊन बंद पडायची. तुमच्या अंगात भिनलेलं होतं ते, श्वास घेण्याइतकं.

आता भूमची, माझ्या सासरची गोष्ट. ती टाळून पुढं जाता येत नाही, कारण ही गाडी घरात आली ती भूममुळे. नवऱ्यानं मला जिन्यावरून ढकललं आणि डावा घोटा दोन ठिकाणी मोडला. तुम्ही दुपारी जीप घेऊन आलात. मी अंगणात बाजेवर पडले होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही, सरळ सीटखालून पाना काढलात आणि घरात गेलात. "माझ्या लेकीवर हात टाकतो व्हय रं?" एवढंच एक वाक्य, आणि मग नुसते आवाज. त्याचा हात कोपरातून उलटा गेला तेव्हाचा आवाज मला बाजेवर ऐकू आला. मला बरं वाटलं, आण्णा. खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी मनात हेही आलं की तुमच्या लेकीवर पहिला हात कुणी टाकला, हे विचारायला त्या घरात कुणी नाही. तोच पाना होता तो.

आणि मग तुम्ही मला घेऊन निघालात. मागच्या बाकावर आडवी, पाय तुमच्या घडी केलेल्या घोंगडीवर. भूमपासूनचा तो रस्ता. तुमच्या जीपमध्ये माणसं खड्ड्याखड्ड्याला टपाला डोकं आपटून घ्यायची, बायका पदर तोंडाला लावून बसायच्या. त्या दिवशी तुम्ही प्रत्येक खड्ड्यापाशी जवळजवळ थांबत होतात. एक चाक सोडायचात, मग दुसरं. गेअर बदलला की नाही हे मला कळत नव्हतं. दर थोड्या वेळानं मागं न बघता विचारायचात, "लागलं का?" मी म्हणायचे, "नाही." खरंच लागत नव्हतं. इतकी हळुवार गाडी चालवता येते हे तुम्हाला माहीत होतं, आणि आयुष्यभर तुम्ही ती तशी चालवली नाही, याचा मला त्या बाकावर राग आला होता. त्या रागापायी तुम्हाला धन्यवाद म्हणायचे राहिले. आज म्हणते.

घोटा जुळला पण पुरता कधीच नाही. क्लच दाबला की कळ गुडघ्यापर्यंत जायची. म्हणून मी ही ऑटोमॅटिक घेतली. तुम्ही ओट्यावरून बघितलंत, दोन पॅडल मोजलेत, आणि म्हणालात, "ही लंगड्याची गाडी." नंतर आख्ख्या गल्लीत सांगत फिरलात की आमच्या सुनंदानं पाळणा आणलाय. तोवर तुमची जीप भंगारात गेली होती, आणि रोज सकाळी पहिल्या फेरीच्या वेळेला तुम्ही उठून, अंघोळ करून, चप्पल घालून ओट्यावर बसायचात. जायला कुठं नव्हतं.

मग एका रविवारी मी गाडी पुसायला गेले तर तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर. शिकव म्हणाला नाहीत. "ह्यात आरसा कुठं हलतो?" एवढंच विचारलंत. मी शेजारी जाऊन बसले.

शाळेच्या मैदानावर पहिल्या दिवशी तुम्ही मला जवळजवळ मारलंच होतं. गाडी जरा वेगात आली की तुमचा डावा पाय क्लच शोधायचा, आणि तिथं असतो रुंद ब्रेक. जीपचा क्लच दाबायच्या ताकदीनं तुम्ही तो दाबायचात. माझं कपाळ डॅशबोर्डवर, आई मागून पुढच्या सीटवर. तीनदा झालं. चौथ्यांदा माझा ओठ फुटला. मी तुमच्या गळ्यातला गमछा ओढला आणि तुमचा डावा पाय सीट मागंपुढं करायच्या दांडीला बांधून टाकला. तुम्ही शिवी दिलीत, पण पाय बांधू दिलात. आणि मग मी दप्तरातली लाकडी फूटपट्टी काढली. गमछा ताणून डावा गुडघा हलला की पट्टी गुडघ्यावर. आई मागून म्हणाली, "अगं, बाप हाय तुजा." मी म्हणाले, "लागलं तरच डोक्यात शिरतंय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला फार गोड लागलं ते, आण्णा. सत्तरीच्या माणसाचा गुडघा होता, आणि मी मोजूनमापून मारत होते.

पण शिकवलं मी नीट. टाच जमिनीवर, दोन्ही कामं एकट्या उजव्या पायाची. ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरपटते, तेव्हा लगेच ॲक्सिलरेटरवर तुटून पडायचं नाही, तिला दोन हात चालू द्यायचं. दाबायचं ते अंगठ्यानं, पाऊल आपटायचं नाही. ब्रेक आधी हलका, मग भर, आणि थांबता थांबता पुन्हा थोडा सैल, म्हणजे शेवटचा झटका बसत नाही. पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्सला हात लावायचा नाही. परीक्षा आईची. ती मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसायची. पहिल्या रविवारी तिचं लुगडं भिजलं, दुसऱ्या रविवारी पदर. पाचव्या रविवारी तुम्ही मैदानाला तीन फेऱ्या मारल्यात आणि आई म्हणाली, "न्हाय सांडलं." तुम्ही हसलात. तुमचे खालचे दात पडलेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आता नीट ऐका. त्या सगळ्या रविवारी गाडी उभी कोण करायचं? मी. तुम्ही ब्रेक दाबून थांबायचात, आणि तुमचा पाय ब्रेकवर असतानाच मी डावीकडून गेअरचा दांडा पी वर, म्हणजे पार्किंगवर, ढकलायचे, हँडब्रेक ओढायचे, किल्ली काढायचे. तुम्ही तोवर पायाचा गमछा सोडण्यात गुंतलेले. थांबायचा धडा मी शेवटासाठी राखून ठेवला होता, कारण मला माहीत होतं की तिथं तुमचं जुनं वाक्य आडवं येणार.

आलंच ते. त्याच पाचव्या रविवारी मी म्हणाले, "आण्णा, आता उभी करायची शिका. हिला गेअरमध्ये ठेवून उतरायचं नसतं."

"गाडी उभी करायची म्या तुज्याकडनं शिकू? चाळीस वर्सं काय बैल हाकले का?"

"जीपचं सोडा. ही जीप नाही."

"तू लई शानी झालीस. नवऱ्याघरी एक वरीस न्हाय टिकली आन मला शिकवती."

मी म्हणाले की तिथं टिकायचं कसं हे तुमच्याच घरात शिकले होते, मार खाऊन. आणि तुमचा हात उठला. माझ्या शाळेच्या मैदानावर, कट्ट्यावर बसलेल्या पालकांसमोर, बेचाळीस वर्षांच्या मास्तरणीच्या थोबाडीत. पहिल्या रविवारी फुटलेला ओठ भरून आला होता, तो पुन्हा फुटला. मी किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "मरा मग तसंच."

हे माझे तुमच्याशी बोललेले शेवटचे शब्द. रागात माणूस काहीही बोलतं, असं मला लोक सांगतील. सांगू देत.

नऊ दिवस आपण बोललो नाही. नऊ दिवस किल्ली माझ्या पर्समध्ये होती. दहाव्या दिवशी सकाळी मी ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि शाळेला एसटीनं गेले. तुम्ही चहा पीत होतात. मी किल्ली अडकवताना तुम्ही बघितलंत, आणि तुम्ही बघितलंत हे मी बघितलं. तुम्हाला वाटलं असेल, पोरीनं माघार घेतली. मी माघार घेतली नव्हती, आण्णा. तुम्ही गाडी काढावी, कुठंतरी ती गेअरमध्ये ठेवून उतरावं, आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत जाऊन कशालातरी धडकावी. फाट्यावर धडकली तर फारच उत्तम, चहाच्या टपरीवर सगळ्यांनी बघावं. मग तुम्ही माझ्याकडं यावं आणि म्हणावं, शिकव. हे मी एसटीत खिडकीशी बसून मनात रंगवत होते. गाडी कशालातरी धडकावी एवढंच हवं होतं मला. ती आणि तुम्ही यांच्या मध्ये गेट येईल हे मनात आलं नाही.

पुढचं आईनं सांगितलेलं. तुम्ही तांब्या भरून मागितलात, शेजारच्या सीटवर उशीच्या बेचक्यात ठेवलात, आणि फाट्यापर्यंत जाऊन आलात. आपल्या गेटसमोरच्या चढावर गाडी थांबवलीत, एसी चालू, काचा बंद. उतरून तांब्या गेटच्या गजांमधून आईच्या हातात दिलात. "बग, फाट्यापस्नं एक थेंब सांडला न्हाय." आई म्हणाली, "आवो, गाडी चालूच हाय की." तुम्ही म्हणालात, "गेअरमदी टाकलीया. जात न्हाय कुठं."

आणि ती खरंच जात नव्हती. चढ तिला मागं ओढत होता, डी मधलं, म्हणजे चालायच्या गेअरमधलं, इंजिन पुढं ढकलत होतं, आणि दोन्ही सारखं होऊन ती जागच्या जागी उभी होती. तुम्ही पाय काढून बघितला असेल, हलली नाही, आणि तुमचं चाळीस वर्षांचं वाक्य पुन्हा एकदा खरं ठरलं असेल. मग एसीचं मशीन मध्येच लागलं किंवा सुटलं असेल. तेवढ्यानं इंजिनाचा जोर जरासा वाढतो. तुम्ही गाडीकडं पाठ करून कडी काढत होतात.

पाठीला बंपर लागला तेव्हा तुम्ही बाजूला उडी मारली नाहीत. वळलात आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवून तिला मागं रेटू लागलात. आई सांगते, तुम्ही तिला शिव्या देत होतात. एखाद्या मस्तवाल पॅसेंजरला द्यायचात तशा, आईबहिणीवरून. जीप असती तर एक आचका देऊन बंद पडली असती. ही बंद पडत नाही, आण्णा. ही ढकलत राहते. शेजारच्या रशीदचाचांनी वेल्डिंग केलेलं ते गेट, तेही लवकर तुटेना. आईनं गजांतून हात घालून तुमचा सदरा धरला होता. तुमच्या बरगड्या मोडल्याचं तिला ऐकू आलं. मग कडी तुटली, दार उखडलं, तुम्ही खाली गेलात आणि पुढचं चाक तुमच्यावरून गेलं. गाडी हौदाला जाऊन लागली आणि तिथंही चाक फिरतच राहिलं. शेजारून रशीदचाचा धावत आले, त्यांनी ती बंद केली.

चाचांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं. "बेटा, गाडी डी में थी. मैं पी करको बंद किया. किसे बोल्या नै, बोलताबी नै." त्यांना वाटलं, ते तुमची अब्रू राखतायत. त्यांनी माझी राखली.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत वाकून बघितलं. ड्रायव्हरच्या सीटखालच्या दांडीला तुमचा गमछा बांधलेला होता. एक टोक पक्कं, दुसरं सोडलेलं. शेजारी मी नव्हते, पट्टी नव्हती, बघणारं कुणी नव्हतं, आणि तुम्ही आपल्या हातानं आपला डावा पाय बांधून गाडी चालवली होती. मी शिकवलेलं सगळंच्या सगळं तुम्ही केलं होतं. न शिकवलेलं एकच राहिलं. मी तिथंच, त्या सीटच्या पायाशी बसून राहिले, आणि पहिल्यांदा रडले. त्याआधी स्मशानात रडले होते ते लोकांसारखं.

तेव्हापासून आई एकच विचारते. भाकरी थापताना, दिवा लावताना. "गेअरमदी टाकली हुती म्हनले. मग गेली कशी गं?" मी म्हणायचे, ब्रेक फेल. आज सकाळी तिनं पुन्हा विचारलं आणि मला ते तोंडातून काढवेना. मी सगळं सांगितलं. मैदान, थोबाडीत, "मरा मग", नऊ दिवस, खिळा, किल्ली. आई कणकेचे हात तसेच धरून ऐकत होती. मला वाटलं ती मारेल. तिनं मारावं असं वाटत होतं.

शेवटी मी म्हणाले, "आई, सांगितलं असतं तर ऐकलं असतं का त्यांनी?"

"न्हाय ऐकलं," ती म्हणाली. "त्येंनी कवा कुणाचं ऐकलं."

मग बराच वेळ कणीक मळत राहिली.

"तरीबी सांगाया पायजे हुतं, सुनंदा."

तर आण्णा, सांगते. ओरडत नाही, हातात पट्टी नाही. गाडी चढावर थांबलीय, समोर गेट आहे, आई आत उभी आहे. तिला सांगा, थांब जरा. उजवा पाय ब्रेकवर, घट्ट, उचलायचा नाही. गेअरमध्ये आहे म्हणून भरवसा ठेवायचा नाही, हिचा गेअर म्हणजे चालणं. आता दांडा डी वरून वर ढकला, सगळ्यात पुढं, पी पर्यंत. टक् असं वाजलं का? हँडब्रेक ओढा, डबा अडकवायला नाही, खरा ओढा. आता पाय हळूच काढा आणि बघा, हलते का. नाही हलत. किल्ली फिरवा, इंजिन बंद. गमछा सोडा. पाहिजे तर दगडही लावा चाकाला, मी हसणार नाही.

झालं. आता उतरा, आण्णा.